मधली खोली

कोपरखैरण्यात आमच्या घराला
स्वतःच्या अशा दोनच भिंती,
पुढची आणि मागची.
डावी गायकवाडांची, उजवी शेलारांची.
त्यांचा मिक्सर लागला
की आमच्या ताटातली वाटी थरथरते.
मधल्या खोलीला खिडकी ठेवायची कुठे?

सव्वीस वर्षं तिथे ट्यूबलाइट जळली.
भर बारालाही, वैशाखातही.
तिच्याखाली मी फॉल लावले, पिको केलं,
आणि रंग बघायला दर वेळी
रीळ नि पदर घेऊन दारापर्यंत गेले.
तेवढं चालणं एका रेषेत मांडलं
तर साताऱ्याला पोचले असते माहेरी.

पण खोलीतला अंधारही कामाचा होता.
हे रात्री एकला भाजी मार्केटात जायचे,
कोबीच्या गोणी पाठीवर घ्यायचे,
अकराला परत.
तेव्हा मी बटण बंद करायचे, मशीन गप्प.
सगळ्या सेक्टरची दुपार
आमच्याकडे मध्यरात्र म्हणून वापरात असायची.
मी उंबऱ्यावर, हातशिलाई घेऊन.

घणसोलीचा सुशांत मढवी
गच्चीची गळती काढायला आला होता.
म्हणाला, काकी, इथून एक पाइप उतरवू.
वर काचेसारखा घुमट,
आतून आरशासारखा पत्रा,
टाकीला वळसा, माळ्यावरच्या ट्रंकेशेजारून खाली.
ऊन आपटत आपटत येईल
आणि येता येता शहाणं होईल.
पाइपातून पाणी येतं, गॅस येतो, घाण जाते,
हे माहीत होतं.
भिशीचा नंबर माझा होता त्या महिन्यात.

दोन दिवस स्लॅबचा भुगा.
डाळीत भुगा, बॉबिनमध्ये भुगा,
देवाच्या कुंकवात भुगा.
तिसऱ्या दिवशी छताला
परातीएवढा उजेड.

माझा हात तीनदा बटणाकडे गेला,
बंद करायला. वीज जळतेय वाटून.

मग नीट पाहिलं.
फॉल बदलायला आलेली शेलारवहिनींची साडी
डाळिंबी, आणि तिला पूर्वी
मीच घातलेले टाके विटकरी.
राणेबाईंच्या मोरपंखीला साधा निळा.
माझ्याच लग्नातल्या शालूला,
जाऊ दे.
म्हणजे एवढी वर्षं
लग्नांतून, बारशांतून, डोहाळजेवणांतून
माझ्या चुका बायका नेसून हिंडल्या,
कुणी काही बोललं नाही,
पुन्हा पिशवी घेऊन माझ्याच दारात.

अकराला हे आले.
"याचं बटण कुठाय?"
"नाही याला बटण."
वजनाचा अंदाज न येणाऱ्या गोणीकडे बघावं
तसं वर बघत राहिले.
"मग झोपू कुठं?"

त्याच संध्याकाळी काळ्या अस्तराचं
झाकण शिवलं, परकरासारखं, नेफ्यात नाडी घालून.
नाडी ओढली की रात्र.
मी पुन्हा उंबऱ्यावर.
मढवी ऐकून हसला. मला हसू आलं नाही.

भाद्रपदातला मंगळवार असेल.
पाणी प्यायला आत आले तर
झाकण उघडं, आणि हे जागे,
उताणे, उशाला हात.
"गप," म्हणाले, "वर कावळा बसलाय."
छतावर एक काळपट डाग सरकला,
थांबला, उडाला.
मग ढग आला असावा, खोली मऊ झाली,
मग पुन्हा पितळेसारखी.
कितीतरी वेळाने म्हणाले,
"दुपार अशी असते होय."

दुसऱ्या दिवशी नाडी ओढलेलीच होती.
पाठ दुखत असली की कसला कावळा.

फक्त मार्केटच्या सुट्टीला झाकण उघडं असतं,
मशीन चालू, आणि हे शेजारी मांडी घालून
दोरे निवडून देतात मला.
मी डाळिंबी मागते,
हे वर उजेडात धरून, डोळे बारीक करून,
मोठ्या खात्रीने विटकरी देतात.
मी घेते.
हे चहा ठेवायला उठले की रीळ बदलते,
काही बोलत नाही.